सरकारी पैसा शेतापर्यंत कसा येतो?

शेतीसाठी सरकारचे पैसे आले, असे आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु ते कोठून येतात व शेतकऱ्याच्या हाती कसे पडतात, हे घरच्या वडील मंडळींसही नीट सांगता येत नाही. आमचे पुष्कळसे विद्यार्थी शेतकऱ्यांचे मुलगे. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

पूर्वी या मदतीस तगाई म्हणत. इ. स. १८८३ च्या कायद्याने विहिरी, बांध इत्यादी जमीनसुधारणेसाठी व १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे, बैल यांसाठी सरकार कर्ज देई. ते व्याजासह फेडावे लागे. थकले तर शेतसाऱ्याच्या बाकीप्रमाणे वसूल होई.

हल्ली अनुदानाची रीत आहे. आपल्या अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडे, पाणी गोडे. म्हणून तिकडे संत्री, केळी व पानपिंपळी. दक्षिणेस दर्यापुराकडे उतरू लागले, की पूर्णाकाठचा खारपाण पट्टा लागतो. तेथील विहिरीचे खारे पाणी काळ्या चिकण जमिनीस दिले, तर जमीन घट्ट होऊन पिके खुरटतात. तेव्हा पावसाचे पाणी शेततळ्यात धरून ठेवणे, हाच काय तो उपाय; आणि तळे खणणे लहान शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचे.

याचसाठी २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे पाच हजार गावे होती; पैकी ९३२ या खारपाण पट्ट्यातील. जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले, तो खर्चाचा ७० टक्के भाग. बाकीचा राज्याने सोसावयाचा. बँकेचा पैसा मात्र कर्जाऊ आहे. म्हणजे शेतकऱ्यास जे अनुदान, तेच राज्यास ऋण. आणि ते सर्वांच्या करांतूनच फिटावयाचे!

कोणत्या गावी काय करावे, याचा आराखडा गावची समिती करी व ग्रामसभा त्यास संमती देई. ज्या सभेस दहा-पाच माणसेच जमतात, तेथे आराखडाही त्या दहा-पाचांचाच होतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

खरी अडचण निराळीच आहे. शेतकऱ्याने काम आधी पदरच्या पैशाने करावयाचे. मग अधिकारी पाहणी करणार, आणि त्यानंतर रक्कम बँकेच्या खात्यात पडणार. ज्याच्यापाशी पदरचा पैसाच नाही, त्याने सावकार गाठावा किंवा योजना सोडावी. गरजवंतच असा मागे राहतो, हा आमच्या मते या रीतीतील मोठा दोष होय.

शिवाय पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खणलेल्या तळ्यास अनुदान मिळत नाही. तेव्हा घरी असा अर्ज भरला जात असेल, तर वाचता येणाऱ्या मुलाने तो वडिलांस मोठ्याने वाचून दाखवावा व संमतीपत्रावरील तारीख पाहूनच कुदळ मारू द्यावी.