घर बांधण्याआधी माती कशी तपासायची? मोबाईल काय सांगतो, काय नाही

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी यंदा घराचं काम काढायचं ठरलं. बाबांच्या रिटायरमेंटचे जवळपास सगळे पैसे त्यात जाणार होते. मिस्त्री म्हणाले, "पाच फूट खड्डे घेऊ, काही होत नाही." बाबा मला म्हणाले, "तू इंजिनीअर आहेस ना, बघ की जरा." आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मी मोबाईल काढला. तुमच्याही घरी ही वेळ येईल, म्हणून काय उपयोगी पडलं ते सांगतो.

काळ्या मातीची भानगड काय?

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी मिळालं की फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात बुजतात. पाया याच थरात राहिला तर घरही दरवर्षी थोडं वर-खाली होतं. सगळं घर सारखं हललं तर नुकसान कमी. पण एक कोपरा मुरमावर आणि दुसरा काळ्या मातीत असेल, तर भिंतींना तिरपे तडे जातात.

मोबाईलवर काय कळतं?

१. सॉइलग्रिड्स: हा जगभरातल्या मातीचा मोफत नकाशा. पण त्याचा एक पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे साधारण १५ एकर जमिनीला एकच उत्तर! शिवाय माहिती फक्त २ मीटर खोलीपर्यंत. परिसराचा अंदाज येतो, तुमच्या प्लॉटचा नाही.

२. मृदा आरोग्य पत्रिका: यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू वगैरे असतं. ती पिकासाठी आहे. जमीन किती भार पेलेल हे त्यात नसतं.

३. गूगल अर्थ: खरा फायदा इथे झाला. त्यात जुन्या सॅटेलाइट इमेज बघता येतात. आमच्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात जुन्या इमेजमध्ये गोल काळा डाग दिसला. प्लॉट विकत घेतलेला, त्यामुळे आम्हाला काहीच कल्पना नव्हती. शेजारच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं विहीर होती की, बुजवली!" भरावाची जागा नंतर दबत जाते. नेमका तिथेच आमचा एक कॉलम येणार होता.

मग खरी तपासणी कोणती?

जेसीबीने प्लॉटच्या दोन टोकांना खड्डे घ्या. टेप सोडून प्रत्येक थराचा फोटो काढा. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. मात्र खड्ड्यात उतरू नका, काळ्या मातीच्या कडा अचानक ढासळतात.

नमुना लॅबला दिला की 'फ्री स्वेल' टेस्ट होते. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये ती १२ मिली भरली आणि पाण्यात २१ मिली, तर फुगवटा ७५ टक्के. ५० च्या वर आकडा गेला की सावध व्हायचं.

काम मोठं असेल तर बोअर घेऊन 'एसपीटी' करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडायचा आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके जास्त, तर जमीन घट्ट.

आमचं काय झालं?

काळी माती सात फुटांपर्यंत निघाली. पाच फुटांवर थांबलो असतो तर पाया फुगणाऱ्या मातीतच राहिला असता. स्ट्रक्चरल इंजिनीअरने फुटिंग मुरमात नेलं, घराची लाइन विहिरीपासून सरकवली आणि जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरायला सांगितला. मुरूम फारच खोल असेल तर 'अंडर-रीम्ड पाइल' हा पर्याय असतो. खाली कंदासारखे फुगीर असलेले हे खांब रुरकीच्या सीबीआरआय संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केले.

मिस्त्रींचा अनुभव खोटा नव्हता, पण विहीर त्यांनाही माहीत नव्हती. म्हणून आधी जुनी इमेज बघा, शेजाऱ्यांना विचारा, खड्डा घ्या, आणि पायाची खोली लॅबचा रिपोर्ट बघून इंजिनीअरला ठरवू द्या. टाइल्स नंतर बदलता येतात, पाया नाही.