टरफलांची किमया

जपानमधील क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता नावाचे गाव आहे. मासेमारी हा तेथील अनेक कुटुंबांचा परंपरागत व्यवसाय होता. १९५६ साली तेथे एक विचित्र रोग उघडकीस आला. रोग्यांचे हातपाय कापू लागत, दृष्टी व वाचा मंदावे आणि कित्येकांना मृत्यूही येई. शोधाअंती असे आढळले, की जवळच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचे एक विषारी संयुग आखातात जात होते. ते माशांच्या शरीरात साठत होते आणि ते मासे खाणाऱ्या माणसांच्या शरीरात उतरत होते.

पारा, शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंस जड धातू म्हणतात. पाण्यात पडलेला पालापाचोळा कुजून जातो. रोगजंतू पाणी उकळल्याने मरतात. परंतु धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही. शिसे मिसळलेले पाणी उकळले, तर पाणी तेवढे आटते. शिसे मात्र भांड्यातच राहते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिशाचे प्रमाण ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. धातूचा नाश करता येत नाही. त्यास पकडून पाण्याबाहेर काढणे, एवढाच उपाय उरतो.

या कामी उपयोगी पडणारे एक द्रव्य निसर्गातच आढळते. कोळंबी, खेकडे व कीटक यांच्या कवचांत कायटिन असते. १८११ साली आन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञास ते प्रथम अळंबीत सापडले. साखळीच्या कड्यांप्रमाणे असंख्य लहान घटक जोडले जाऊन त्याचा रेणू बनतो. अशा पदार्थास बहुवारिक म्हणतात. कापसातील सेल्युलोज हेही असेच एक नैसर्गिक बहुवारिक होय.

कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलून सोडे वाळत घातले, की मागे टरफलांची रास उरते. एरवी कुजून दुर्गंधी पसरवणाऱ्या अशा टरफलांतूनच कायटिन मिळते. टरफले प्रथम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. त्यामुळे त्यांतील चुनखडी विरघळून जाते. नंतर सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढून टाकतात. उरते ते कायटिन. ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले, म्हणजे कायटोसन तयार होते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या निर्मितीची पद्धत विकसित केली आहे.

कायटोसनच्या साखळीतील बहुतेक कड्यांवर अमिनो गट असतो. या गटातील नायट्रोजनच्या अणूजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. पाण्यात विरघळलेल्या धातूच्या आयनांवर धन विद्युतभार असल्याने ते या जोडीकडे ओढले जातात व तेथेच जखडले जातात. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात कायटोसनचे पांढरट मणी टाकून ठेवले, तर द्रावण हळूहळू फिकट होते आणि मणी निळे होतात. तांबे पाण्यातून मण्यांत गेल्याची ती खूण होय.

तथापि या द्रव्यासही मर्यादा आहेत. पाणी फार आम्लधर्मी असल्यास हायड्रोजनचे आयन अमिनो गटांवर आधीच ठाण मांडतात व धातूस जागा उरत नाही. साधे कायटोसन तर अशा पाण्यात विरघळूही लागते. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींस रासायनिक रीतीने जोडून मणी टिकाऊ करतात. शिवाय काही काळाने मणी धातूने भरून जातात. मग योग्य द्रावणाने धुऊन तो धातू वेगळा करावा लागतो. भरलेले मणी उघड्यावर फेकून दिले, तर विषाने केवळ आपली जागा बदलली, असे होईल.

मिनामाताच्या आखातात ते विषारी सांडपाणी १९६८ पर्यंत सोडले जात होते. तळाशी साठलेला गाळ उपसण्याचे काम १९७७ साली सुरू झाले आणि ते पुरे होण्यास १९९० साल उजाडले. गाळ उपसता आला; गेलेली माणसे मात्र परत आणता आली नाहीत. म्हणून धातूस पकडण्याची खरी जागा नदी किंवा समुद्र ही नव्हे. सांडपाणी जेथून बाहेर पडते, त्या कारखान्याच्या दाराशीच त्यास अडवले पाहिजे.