उन्हाला दोष देणं थांबवा

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की पेटत्या इलेक्ट्रिक स्कूटरचा एखादा व्हिडिओ फिरू लागतो आणि सोबत ठरलेलं निदान येतं : "ऊन केवढं होतं, पेटणारच!" सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच, विक्रेत्याच्या तोंडीही हेच. याची आता चीड येते. कारण ऊन दोषी ठरलं की सदोष बॅटरी विकणारा सुटतो.

मग सप्टेंबर २०२२ चं काय? वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला इ-बाइकच्या शोरूममधली आग वरच्या हॉटेलात पोचली, आठ जण दगावले. दोन्ही घटना ऐन पावसाळ्यातल्या.

लिथियम-आयन सेलमधली बिघाडाची साखळी साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसला सुरू होते. आधी ऋणाग्रावरचा संरक्षक थर तुटतो. १३० अंशांच्या आसपास दोन अग्रांमधला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागतो, आत शॉर्टसर्किट होतं, सेल स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. विदर्भातलं ४७ अंशांचं ऊन एकट्यानं तिथवर नेऊ शकत नाही. ती उष्णता आतून येते : सेल बनवताना राहिलेला धातूचा कण, आपटून चेपलेला पॅक, आत शिरलेलं पाणी, भलताच चार्जर, किंवा वेळेवर चार्जिंग न तोडणारी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा.

उन्हानं बॅटरी लवकर जुनी होते, दोष असेल तर धोका वाढतो, हे खरं. म्हणून रणरणत्या उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नये. गाडी आधी निवू द्यावी. पण दोष मुळात असावा लागतो.

शंका असेल त्यांनी सरकारनं काय बदललं ते पाहावं. २०२२ च्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचं मानक कडक झालं, ते सेल, बीएमएस, चार्जर, पॅकची रचना आणि एका सेलमधून पसरणारी उष्णता या मुद्द्यांवर. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. गाडी घेताना दुसऱ्या टप्प्याचं प्रमाणपत्र मागा.

उन्हाखेरीज आणखीही गैरसमज आहेत. "एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पेटतच नाही." पेटते, फक्त तिला पेटायला जास्त तापमान लागतं.

"लिथियमवर पाणी टाकलं तर भडका उडतो." हे शुद्ध धातूबद्दल खरं आहे. या बॅटरीची आग अग्निशमन दल भरपूर पाण्यानंच थंड करतं, कारण विझल्यावरही ती पुन्हा पेटू शकते.

"ज्वाळा नाहीत, म्हणजे धोका नाही." मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, वडील आणि मुलगी धुरानं गुदमरून गेले. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग नको, आणि बाहेर पडायच्या वाटेवर तर कधीच नको. बॅटरी फुगली किंवा तिच्यातून धूर येऊ लागला, तर ती उचलायला जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.