धमतरीचे मेनोनाइट: इंग्रजही नव्हेत, राज्याबाहेरचेही नव्हेत

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुन्या मिशनांचा विषय निघाला की सगळे गोरे पाद्री एकाच माळेत ओवले जातात: इंग्रज सरकार आलं, मागोमाग त्याचं चर्च आलं. चांद्यापुरतं, म्हणजे आजच्या चंद्रपुरापुरतं, हे खपून जातं. तिथे स्कॉटलंडचं एपिस्कोपल चर्च होतं, आणि स्कॉटिश माणूस इंग्रज नसला तरी राज्यकर्त्यांपैकीच होता. गडचिरोलीच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडातल्या धमतरीत मात्र हा हिशेब बसत नाही. चांदा आणि धमतरी तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. धमतरीत १८९९ साली आलेले जेकब रेसलर आणि पेज दांपत्य अमेरिकन मेनोनाइट होते. या पंथाची मुळं १५२५च्या झुरिकमध्ये सापडतात. तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा, शपथ आणि शस्त्र नाकारणाऱ्या या लोकांना कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही राजवटींनी छळलं, ठार मारलं. त्यांच्यातले जर्मनभाषक शेतकरी पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले. लँकेस्टरची वसाहत १७१०ची.

म्हणजे हे घोडागाडीतून फिरणारे, जगाकडे पाठ फिरवलेले लोक? ते आमिश, त्यांची फूट १६९३मध्ये, युरोपातच पडली. धमतरीला आलेले त्यांच्यातले नव्हते. त्यांचा भारताशी संबंध जुळला तो १८९६-९७च्या दुष्काळाने. अमेरिकेतून आलेल्या धान्यात मेनोनाइटांचाही वाटा होता, आणि मदतीच्या वाटपासाठी त्यांच्या वतीने जॉर्ज लॅम्बर्ट स्वतः इथे येऊन गेले. उलट बाजूने काही जण या पंथाला नको तितकं श्रेय देतात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनचं १६८८चं गुलामगिरीविरोधी निषेधपत्र सर्रास मेनोनाइटांच्या नावावर खपतं. ते लिहिणाऱ्यांपैकी काही जण घराण्याने मेनोनाइट असतीलही, पण पत्र क्वेकर या वेगळ्या पंथाच्या सभेत, क्वेकर म्हणूनच मांडलं गेलं. छत्तीसगडातल्याच चांप्याचं मेनोनाइट मिशनही लँकेस्टरच्या त्या जुन्या वसाहतीची शाखा समजलं जातं. त्याचे पी. ए. पेनर रशियातून अमेरिकेत गेलेल्या जर्मनांपैकी. ते स्थलांतर १८७०नंतरचं, तोवर अमेरिका स्वतंत्र होऊन शतक होत आलं होतं.

सर्वांत चिवट समजूत सहानुभूतीने विचार करणाऱ्यांची आहे: शस्त्र न धरणारे लोक साम्राज्यापासून अलिप्तच राहिले असणार. तसं झालं नाही. पहिल्या महायुद्धात रांचीच्या गॉसनर मिशनच्या जर्मनांना सरकारने हलवलं. धमतरीचे मेनोनाइट राहिले, कारण ते अमेरिकेचे नागरिक होते. त्याहून बोलका पुरावा जमिनीचा आहे. धमतरीजवळचं बालोदगहान हे गाव विकत घेऊन मिशन तिथलं मालगुजार झालं. मामा तलावांच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या मुलखात मालगुजार कोण हे सांगायला नको: रयतेकडून खंड घ्यायचा, सरकारचा सारा भरायचा. युरोपात दुसऱ्यांच्या जमिनी कसून जगलेल्यांचे वंशज इथे खंड गोळा करू लागले. यावर कुणी म्हणेल, गाव नफ्यासाठी नव्हतं. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना मोठेपणी कसायला जमीन हवी होती. हे खरं आहे, आणि ती मुलं ख्रिस्ती म्हणून वाढवली गेली, हेही तितकंच खरं. पण हेतू कितीही चांगला धरला तरी साऱ्याचा हप्ता भरायचा तो सरकारी खजिन्यातच, आणि त्याच खजिन्यातून फौजेचा पगार निघत होता.