'सहा'पासून 'त्रेपन्न'पर्यंत : गोंदिया जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्गाची बदलती नामाभिधाने

ग्रामनामांचा अभ्यास मराठीत बऱ्यापैकी झाला आहे. रस्त्यांच्या नावांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. रस्त्याचा क्रमांक ही केवळ प्रशासकीय बाब होय, असा समज त्यामागे असावा. प्रस्तुत लेखात साकोलीहून सडक अर्जुनी व देवरीमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गाच्या नामांतराचा विचार केला आहे. ही नामांतरे ठाऊक नसल्यास जुन्या दस्तऐवजांचा अर्थ लावताना गंभीर चुका संभवतात.

ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात नागपूर-रायपूर हा मार्ग 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणून ओळखला जाई. राजनांदगाव, दुर्ग, रायपूर या शहरांत 'जी. ई. रोड' हे त्याचे संक्षिप्त रूप आजही रूढ आहे. आपल्याकडे हे इंग्रजी नाव टिकले नाही. टिकली ती 'सडक'. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. एक मोरगावच्या जोडीने ओळखली जाते, तर दुसरी सडकेच्या. क्रमांक बदलले तरी तालुक्याच्या नावातील ही सडक तशीच राहिली, हे लक्षणीय आहे. १८८० च्या दशकात आलेला लोहमार्ग मात्र या सडकेच्या उत्तरेकडून, गोंदिया-आमगाव-सालेकसा असा गेला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन नवा जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालयाचा मान रेल्वेवर वाढलेल्या गोंदियाला मिळाला. जुनी सडक तेथून दूरच राहिली.

रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा व ग्रामीण असे वर्गीकरण १९४३ च्या नागपूर येथील मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरले. पुढे १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमान्वये धुळे-नागपूर-रायपूर-संबलपूर-कोलकाता हा मार्ग 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६' झाला. कालांतराने त्याचे पश्चिम टोक सुरतजवळील हजिरापर्यंत वाढले.

२०१० मध्ये केंद्र शासनाने सर्व महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरविले. दक्षिणोत्तर मार्गांना सम क्रमांक व ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम क्रमांक व ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे, असे हे सूत्र आहे. त्यामुळे क्रमांकावरूनच मार्गाची दिशा व साधारण स्थान कळते. भूगोलाच्या अध्यापकास ही व्यवस्था निश्चितच सोयीची वाटेल. आपली सडक त्यानुसार ५३ झाली. परंतु हे केवळ नव्या अंकाचे लेबल नव्हे. नवा ५३ हजिराहून निघून ओडिशातील पारादीप बंदराकडे जातो. जुन्या सहाचा ओडिशातून बंगालकडे जाणारा भाग ४९ मध्ये, तर खरगपूर-कोलकाता हा तुकडा १६ मध्ये समाविष्ट झाला. म्हणजे 'जुना ६ म्हणजेच नवा ५३' हे समीकरण गोंदिया जिल्ह्यापुरते खरे, संपूर्ण मार्गापुरते नाही. शिवाय आजचा क्रमांक ६ मेघालय, आसाम व मिझोराममध्ये आहे!

शाखामार्गांबाबतही असाच घोटाळा होतो. मूळ मार्गाच्या क्रमांकाआधी एक अंक जोडून शाखेचा क्रमांक तयार होतो. साकोलीहून गडचिरोलीकडे जाणारा ३५३-सी ही ५३ चीच शाखा. मात्र बालाघाट-गोंदिया-आमगावमार्गे देवरीस येणारा ५४३ हा शहडोलकडील ४३ चा शाखामार्ग आहे. देवरीत तो ५३ ला भेटतो, एवढाच त्यांचा संबंध.

संशोधनाच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम नाही. हा महामार्ग नवेगाव व नागझिरा या दोन वनक्षेत्रांच्या मधून जातो. २०१३ मध्ये त्यांचा एकत्रित व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. वन्यजीवांच्या भ्रमणमार्गासंबंधीचे जुने लेखन 'महामार्ग ६' या नावाखाली, तर नंतरचे 'महामार्ग ५३' या नावाखाली शोधावे लागते. भूसंपादन व अपघातविषयक नोंदींचेही तसेच. विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधात म्हणूनच क्रमांकासोबत वर्ष आणि दोन गावांची नावे लिहून घ्यावीत; 'साकोली-देवरी' एवढा उल्लेखही कोणत्याही काळातील कागदास लागू पडतो.