वर्डमधली यादी एक्सेलमध्ये टाकताच गट क्रमांकाची तारीख का होते?

समजा, राहुरी तालुक्यातल्या एका विकास सोसायटीची सभासद यादी वर्डमध्ये आहे. नाव, गट क्रमांक, बँक खाते, रक्कम असे चार रकाने. बँकेला ती एक्सेलमध्ये हवी आहे. कॉपी-पेस्ट केलं की काम झालं, असं वाटतं. पण गट क्रमांक १२/३ च्या जागी १२ मार्च दिसू लागतं!

असं का होतं?

एक्सेल प्रत्येक मजकुराचा अर्थ स्वतःच लावतं. १२/३ ही त्याला तारीख वाटते, पण ४५/२ जसाच्या तसा राहतो. एकाच रकान्यात काही आकडे बरोबर आणि काही चूक असल्याने गडबड पटकन लक्षात येत नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळतात. क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांचे शून्य होतात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. यादी तशीच पुढे गेली तर शेतकऱ्याचे पैसे अडकू शकतात.

ही अडचण जगभरची आहे. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

मग काय करायचं?

१. वर्डच्या तक्त्यात जोडलेले चौकोन (मर्ज सेल) आधी वेगळे करा.

२. एका चौकोनात एंटर मारून दोन ओळी लिहिल्या असतील, तर एक्सेलमध्ये त्यांच्या दोन वेगळ्या ओळी होतात. तक्ता निवडा, कंट्रोल + एच दाबा, 'स्पेशल'मधून 'पॅराग्राफ मार्क' घ्या आणि त्या जागी स्वल्पविराम टाका.

३. नावं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये बदला. नाहीतर फॉन्ट बदलताच इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

४. सर्वात महत्त्वाचं: पेस्ट करण्याआधी एक्सेलमध्ये गट क्रमांक, खाते आणि मोबाईलचे रकाने निवडून 'टेक्स्ट' करा. नंतर केल्यास उपयोग नाही. २०२५ मध्ये तारीख झालेला १२/३ मग ४५७२८ असा दिसतो.

५. पेस्ट करताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' निवडा.

६. रकमेचा रकाना 'टेक्स्ट' करू नका. '५०००/-' असं लिहिलं असेल तर '/-' काढून टाका. नाहीतर ती रक्कम बेरजेत धरलीच जात नाही.

पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा: ओळींची संख्या, रकमेची बेरीज आणि कोणतेही पाच खाते क्रमांक. तिन्ही वर्डमधल्या मूळ यादीशी जुळले तरच यादी पुढे पाठवा. आणि मूळ फाईल पैसे जमा होईपर्यंत डिलीट करू नका.