माशांचा अकस्मात उपद्रव व निदानपरिवर्जन

पावसाळ्यात घरात वा औषधालयात एकाएकी माशा वाढल्या की आपण धूपनाचा आश्रय घेतो. धूपनाने माशा दूर जातात. त्यांची उत्पत्ती मात्र थांबत नाही. येथेही निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा होय.

घरमाशी एका वेळी सुमारे १०० ते १५० अंडी ओलसर, कुजणाऱ्या पदार्थांत घालते. साधारण एका दिवसात त्यांतून अळ्या निघतात आणि उष्ण हवेत ७ ते १० दिवसांत माशा तयार होतात. म्हणजे आज दिसणाऱ्या माशांचे मूळ गेल्या आठवड्यातील ओल्या कचऱ्यात असते.

औषधनिर्मितीच्या जागी काढ्याचा ओला चोथा साचू देऊ नये. तो रोज हलवावा. गूळ-मधाची पात्रे झाकावीत, सांडलेले लगेच पुसावे. बंद खोलीत मोठ्या निळ्या-हिरव्या माशा अचानक दिसल्यास मेलेला उंदीर शोधावा.

माशा व्रणात कृमी सोडतात, हे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे; अतिसाराचे जंतूही त्या अन्नावर आणतात. म्हणून रुग्णाचा व्रण व पथ्याचे अन्न झाकलेले असावे. उगम दूर केल्यावर उरलेल्या माशांसाठी धूपन अवश्य करावे. त्याआधीचे धूपन ही केवळ लक्षणांची चिकित्सा ठरते.